मायावरणाची चित्रकला

मायावरण म्हणजे आकृतीने पार्श्वभूमीत विरून जाणे. चित्रकलेच्या शिक्षणाची सुरुवात याच्या अगदी उलट टोकाने होते. वस्तू पार्श्वभूमीपासून सुटी कशी दिसेल, छायाप्रकाशाने सपाट कागदावर गोलाई कशी आणायची, कड कुठे धारदार ठेवायची आणि कुठे मऊ करायची, हे विद्यार्थी पहिल्या वर्षात गिरवतो. हीच विद्या उलटी चालवली की वस्तू दिसेनाशी होते. सैन्याच्या ज्या तंत्राला जग ‘कॅमोफ्लाज’ म्हणते त्याचा पाया चित्रकारांनी घातला, याचे कारण हेच. गेल्या साठेक वर्षांत चित्रकारांनी ते तंत्र सैन्याकडून परत घेतले आहे आणि त्याला निराळा प्रश्न विचारायला लावले आहे: एखादा माणूस एखाद्या जागेचा आहे म्हणजे काय, आणि तिथे मिसळून जाण्यासाठी त्याने स्वतःचे किती पुसायचे? या चित्रांकडे पाहताना एक कसोटी पुन्हा पुन्हा कामी येते. पार्श्वभूमी नेमकी असेल, म्हणजे ही भिंत, ही बाग, हे कापड असे बोट ठेवून सांगता येत असेल, तर चित्रात जीव असतो. पार्श्वभूमी कुठलीही चालेल अशी असली, की हाती फक्त नक्षी उरते.

या विद्येचे पहिले सिद्धान्तकार अमेरिकन चित्रकार ॲबट थेअर (१८४९–१९२१). पंखधारी देवदूतकन्यांच्या चित्रांसाठी ते प्रसिद्ध होते; न्यू हॅम्पशर राज्यातल्या डब्लिन या गावी राहत आणि पक्ष्यांचे त्यांना मोठे वेड होते. बहुतेक प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते, हे सर्वांनीच पाहिलेले. त्याचे कारण मात्र चित्रकाराच्या डोळ्याला सापडले. वरून येणारा प्रकाश पाठ उजळतो आणि पोटाखाली सावली धरतो. शरीराची गोलाई कळते ती या सावलीमुळे. पाठच गडद आणि पोटच फिकट असेल तर रंग आणि प्रकाश एकमेकांना खोडतात, गोलाई जाते, हरीण सपाट होऊन झाडीत मिसळते. १८९६ मध्ये थेअर यांनी हा नियम मांडला आणि पक्षिशास्त्रज्ञांपुढे वरून गडद, खालून फिकट रंगवलेली रताळी जमिनीपासून थोडी वर ठेवून तो सिद्ध करून दाखवला. प्राणिशास्त्रात तो आजही थेअरचा नियम म्हणून शिकवला जातो.

पुढे ते या शोधाने झपाटले गेले. ‘पीकॉक इन द वुड्स’ (१९०७) या चित्रात मोराची निळी मान पानांच्या फटींतून दिसणाऱ्या आकाशात आणि पिसारा खालच्या पाचोळ्यात असा मिसळला आहे, की पाहणाऱ्याला पक्षी शोधावा लागतो. १९०९ मध्ये मुलगा जेराल्ड याच्या नावाने निघालेल्या ग्रंथात त्यांनी जवळपास प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो असे प्रतिपादन केले. रोहित पक्षी गुलाबी का, तर संध्याकाळच्या लाल आकाशावर तो दिसू नये म्हणून. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९११ मध्ये या अतिरेकाचा सविस्तर समाचार घेतला, आणि शास्त्र म्हणून रूझवेल्ट यांची बाजू खरी होती. तरी मोराच्या त्या चित्रात एक खोल सत्य आहे. तो मोर एकाच ठिकाणाहून, एकाच घटकेला, एकाच झाडाआड अदृश्य आहे. पाहणारा दोन पावले सरकला की तो दिसेल. मायावरण कधीच सर्वत्र लागू नसते; ते एका जागेसाठी आणि एका नजरेसाठी असते.

सैनिकी वेशाच्या इतिहासात या विचाराचे एक ठळक पाऊल भारतीय उपखंडात पडले. ब्रिटिश अधिकारी हॅरी लम्सडेन यांनी १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या ‘कोअर ऑफ गाइड्स’ या पलटणीला लाल डगल्याऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे मिळाले आणि ‘खाकी’ हा शब्द जगभर गेला. मूळ फारसी ‘खाक’ म्हणजे माती, धूळ. मराठीत तो ‘जळून खाक’ यात राखेच्या अर्थाने मुरला आहे. पण महाराष्ट्रातल्या रस्त्यावर खाकी आज कशासाठी आहे? पोलीस, पोस्टमन, रिक्षावाला लांबून ओळखू यावा म्हणून. दिसू नये यासाठी निवडलेला रंग ओळखीची खूण झाला. पुढच्या काळात ठिपक्यांच्या आणि डागांच्या सगळ्याच लष्करी नक्ष्यांचे असे झाले. जर्मन सैनिकाचे ठिपके, बेल्जियनांची कोडेवजा तुकड्यांची नक्षी, अमेरिकनांचे रानरंगी पट्टे जाणकाराला झेंड्याइतके स्पष्ट वाचता येतात. शत्रूपासून अंग लपवणारे कापडच तो माणूस कुठल्या देशाचा हे सांगते. बार्बाडोस आणि जमैका या देशांत सामान्य नागरिकाने अशी नक्षी अंगावर घालणे कायद्याने मना आहे. लपणे आणि ओळख सांगणे ही दोन्ही कामे एकाच कापडाने करावीत, या पेचातूनच चित्रकारांना त्यांचा विषय मिळाला.

पहिल्या महायुद्धात चित्रकार थेट कामाला लागले. फ्रान्समध्ये व्यक्तिचित्रे रंगवणारे ल्युसियाँ-व्हिक्तोर गिराँ द सेव्होला तोफखान्यात होते. विमानातून दिसणाऱ्या तोफा रंगीत कापडाखाली झाकण्याची कल्पना त्यांनी पुढे रेटली आणि १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यात कॅमोफ्लाजची स्वतंत्र शाखा उभी राहिली. तिचे बोधचिन्ह सरडा, म्हणजे रंग बदलणारा शॅमिलिअन. वस्तू एका दृष्टीने न पाहता तिचे तुकडे करून पुन्हा रचायचे, हा क्यूबिझमचा धडा इथे कामी आला, कारण तोफेची सलग आकृती मोडायची तर तेच करावे लागते. आन्द्रे मार या चित्रकाराच्या युद्धकाळातल्या वह्यांत क्यूबिस्ट रेखाटन आणि तोफेच्या रंगकामाचा आराखडा शेजारी शेजारी आढळतात. रस्त्यावरून जाणारी रंगवलेली तोफ पाहून हे आम्हीच केले आहे असे पिकासो म्हणाल्याची आठवण लेखिका गर्ट्रूड स्टाइन यांनी लिहून ठेवली आहे.

समोरच्या बाजूलाही चित्रकारच होते. निळ्या घोड्यांचे चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी फेब्रुवारी १९१६ मध्ये तोफा झाकण्याच्या ताडपत्र्या रंगवल्या आणि माने यांच्यापासून कान्डिन्स्की यांच्यापर्यंतच्या शैली त्यांवर वापरून पाहिल्याचे पत्नीला कळवले. विमानाच्या उंचीवरून त्यांतली कुठली शैली अधिक लपवते हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दूनजवळ ते मारले गेले. निसर्गात प्राणी कसे पाहत असतील, या ध्यासाने ज्यांनी आयुष्यभर रंगवले, त्यांचे शेवटचे मोठे पृष्ठभाग शत्रूच्या वैमानिकाने काही पाहू नये म्हणून होते. आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात इतके जिव्हारी लागणारे प्रकरण दुसरे सापडणे कठीण आहे.

याच पश्चिम आघाडीवर टेहळणीची खोटी झाडे उभी राहिली. खंदकांदरम्यान तोफगोळ्यांनी भाजलेल्या एखाद्या खऱ्या झाडाचे चित्रकार बारकाईने रेखाटन करी. आघाडीमागच्या कारखान्यात पोलादी नळीभोवती त्याची हुबेहूब प्रतिकृती बनवली जाई. मग रात्री, तोफांच्या आवाजाच्या आडोशाने, खरे झाड पाडून त्याच जागी खोटे रोवले जाई आणि आत पहारेकरी बसे. ब्रिटिशांकडे हे तंत्र सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराने आणले. कुठलेही झाड इथे उपयोगाचे नव्हते. शत्रूला पाठ झालेले तेच झाड, त्याच मोडलेल्या फांदीसह हवे होते.

समुद्रावर हा हिशेब उलटला, कारण लाटा आणि आकाश दर तासाला रंग बदलतात आणि धुरांडे काही केल्या लपत नाही. सागरचित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी १९१७ मध्ये लपवण्याचा नाद सोडून फसवण्याचा मार्ग धरला. काळे, पांढरे, निळे तिरपे पट्टे जहाजावर असे मारायचे, की पाणबुडीच्या पेरिस्कोपमधून त्याची दिशा आणि वेग यांचा अंदाज चुकावा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत कारखाना निघाला. कलाशाळांतून आलेल्या तरुणी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती रंगवत आणि त्या फिरत्या पाटावर ठेवून पेरिस्कोपने तपासल्या जात. दोन हजारांवर ब्रिटिश जहाजांना हे पट्टे मिळाले. त्यांमुळे किती जहाजे वाचली याचा निर्विवाद पुरावा नौदलाला गोळा करता आला नाही, खलाशांची उमेद मात्र वाढली. चित्रकार एडवर्ड वॉड्सवर्थ यांनी गोद्यांमध्ये या रंगकामावर देखरेख केली आणि मग १९१९ मध्ये लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या पट्टेदार जहाजाचे भव्य तैलचित्र रंगवले. ते आता ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. जहाजावरचे चित्र पुन्हा चित्राच्या चौकटीत आले, ते या कृतीत.

दोन युद्धांच्या मधल्या काळात एका फ्रेंच निबंधाने मायावरणाच्या कल्पनेला अनपेक्षित वळण दिले. रॉजे काय्वा यांनी १९३५ मध्ये सर्रिअलिस्टांच्या ‘मिनोतोर’ नियतकालिकात असे मांडले, की पानासारखा दिसणारा कीटक बचावासाठी तसा दिसतो हे पटण्याजोगे नाही. भक्षकांच्या पोटात असे कीटक भरपूर सापडतात. त्यांच्या मते जिवाला अवकाशाची ओढ लागते, ‘मी’ आणि ‘भोवताल’ यांमधली रेघ पुसट होते, आणि हीच स्थिती माणसाच्या मनालाही येऊ शकते. जीवशास्त्र म्हणून हे टिकणारे नाही. कीटकांचा बचाव प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. परंतु परक्या गावात परक्या भाषेत राहणाऱ्या माणसाला काय होते, याचे ते नेमके वर्णन आहे. मुंबईत जन्मलेले विचारवंत होमी भाभा यांनी १९८४ च्या निबंधात हाच धागा वसाहतीतल्या माणसापर्यंत आणला. राज्यकर्त्याची नक्कल करणारा प्रजाजन जवळजवळ त्याच्यासारखा होतो, मात्र पूर्ण कधीच होत नाही, आणि त्या उरलेल्या फरकात राज्यकर्त्याला धास्ती वाटावी असे काहीतरी असते. आजच्या चित्रकारांना समजून घ्यायला हा ‘उरलेला फरक’ फार उपयोगी आहे.

आर्शिल गॉर्की यांच्यात हे सगळे धागे एकत्र येतात. तरीही मायावरणाच्या चर्चेत त्यांचे नाव बहुधा तळटीपेपुरतेच येते, ही मोठी उणीव आहे. त्यांचे मूळ नाव व्होस्तानिग आदोयान. व्हान सरोवराकाठच्या खोरगोम या अर्मेनियन गावातला जन्म. अर्मेनियन नरसंहारातून निसटलेल्या या मुलाची आई १९१९ मध्ये येरेव्हानमध्ये उपासमारीने गेली. १९२० मध्ये बहिणीबरोबर तो अमेरिकेत पोहोचला, त्याने रशियन नाव घेतले आणि आपण लेखक मॅक्झिम गॉर्की यांचे नातलग असल्याचे तो सांगू लागला. मॅक्झिम गॉर्की हेदेखील टोपणनाव होते. उसने घेतलेले नावही आधीच उसने होते. दुसऱ्या महायुद्धात याच चित्रकाराने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्कूल ऑफ आर्टमध्ये कॅमोफ्लाजचा वर्ग चालवला. आकृती कशी मोडायची हे शिकवणाऱ्याने स्वतःचे चरित्र कधीच मोडून रचले होते.

‘द आर्टिस्ट अँड हिज मदर’ या चित्राच्या दोन आवृत्त्यांवर ते वर्षानुवर्षे काम करत राहिले. आधाराला १९१२ मधले एक छायाचित्र होते: आई बसलेली, मुलगा शेजारी उभा. अमेरिकेत गेलेल्या वडिलांना पाठवण्यासाठी ते काढलेले. चित्रात आईचा चेहरा मूर्तीसारखा स्थिर आहे, पण हात पांढुरक्या डागांत विरले आहेत, वस्त्राची वेलबुट्टी गेली आहे, अंगाच्या कडा मागच्या भिंतीत शिरू पाहतात. कॅमोफ्लाजची नक्षी यात कुठे नाही, तरी आकृती भोवतालात नाहीशी होण्याची प्रक्रिया डोळ्यांसमोर चालू आहे, आणि इथे ती लढाईतली युक्ती नसून शोक आहे. १९४० च्या दशकारंभी त्यांनी ‘गार्डन इन सोची’ ही मालिका रंगवली. सोची हे काळ्या समुद्रावरचे रशियन शहर. चित्रांतली बाग मात्र खोरगोमची, वडिलांच्या मळ्याची. घेतलेल्या ओळखीशी जुळावे म्हणून बागेचेही नाव बदलले गेले. रंग आणि आकार खरे, पत्ता खोटा. आपले गाव इतक्या उघडपणे मांडून इतके लपवलेले दुसरे चित्र आधुनिक कलेत क्वचितच असेल.

युद्ध संपल्यावर लष्करी कापड उरल्यासुरल्या मालाच्या दुकानांत आले आणि तिथून कलेत. इटलीच्या अलिघिएरो बोएत्ती यांनी १९६६ मध्ये तयार कॅमोफ्लाज कापड चौकटीवर ताणून ते ‘मिमेतिको’ या नावाने चित्र म्हणून मांडले. कल्पना कुशाग्र, पण एका वाक्यात संपणारी. बोएत्ती मोठे ठरतात ते नंतरच्या ‘माप्पा’मुळे. १९७१ पासून अफगाण स्त्रियांकडून त्यांनी जगाचे नकाशे भरतकामात करून घेतले. प्रत्येक देशाच्या हद्दीत त्या देशाच्या झेंड्याची नक्षी. भूमी आणि चिन्ह एकमेकांत असे बसवणे हे मायावरणच. सोव्हिएत आक्रमणानंतर हे काम पेशावरमधल्या निर्वासित भरतकाम करणाऱ्या स्त्रियांकडे गेले. एका नकाशात समुद्र गुलाबी भरला गेला, कारण डोंगराळ मुलखातल्या त्या बायांना समुद्राचा रंग कोणी सांगितला नव्हता आणि गुलाबी दोरा भरपूर होता. बोएत्तींनी तो तसाच ठेवला आणि पुढे समुद्राचा रंग त्यांच्यावर सोपवला. ज्यांचा देश युद्धात हातचा जात होता त्यांच्या हातून जग शिवले गेले, ही गोष्ट ताणलेल्या लष्करी कापडापेक्षा कितीतरी भारी आहे.

अँडी वॉरहॉल यांची १९८६ ची ‘कॅमोफ्लाज’ मालिका सर्वांत प्रसिद्ध आहे आणि तिचे मोलही सर्वांत जास्त लावले जाते. अमेरिकन लष्करी नक्षी घेऊन त्यांनी तिला गुलाबी, पिवळे, झगझगीत निळे रंग दिले. असे रान पृथ्वीवर कुठेच नाही, त्यामुळे लपायला जागाच राहत नाही. भिंतभर पसरलेल्या त्या कॅनव्हासांसमोर उभे राहिल्यावर मात्र थोड्या वेळाने वॉलपेपर पाहत असल्यासारखे वाटते. याच मालिकेतले ‘कॅमोफ्लाज सेल्फ-पोर्ट्रेट’ वेगळे आहे. उभ्या केसांचा विग, टक लावलेली नजर, आणि त्या चेहऱ्यावरून ओघळलेले रंगीत डाग. कार्पेथियन डोंगरातून पिट्सबर्गला आलेल्या श्रमिक कुटुंबातला हा मुलगा. वॉरहोला या आडनावातले शेवटचे अक्षर त्याने गाळले, केस विगखाली झाकले, मुलाखतींत कोरी उत्तरे दिली. इथे नक्षीला अखेर एक नेमकी भूमी मिळाली आहे: त्याचा स्वतःचा चेहरा. फेब्रुवारी १९८७ मध्ये वॉरहॉल गेले.

आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांनी हा प्रश्न दुसऱ्या बाजूने उलटवला. ज्याला समाज पाहतच नाही, त्याला लपण्याची गरज काय? केरी जेम्स मार्शल यांचे १९८० चे आत्मचित्र ‘अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ शॅडो ऑफ हिज फॉर्मर सेल्फ’ जेमतेम वीस सेंटिमीटर उंच आहे. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस; डोळ्यांचे पांढरे, सदऱ्याचा तुकडा आणि दातांतली फट एवढेच आधी दिसते. राल्फ एलिसन यांची ‘इनव्हिजिबल मॅन’ ही १९५२ ची कादंबरी त्यामागे आहे. चित्राजवळ जावे तसा काळ्यातला काळा वेगळा होतो आणि कपाळ, कान, टोपी आकार घेतात. पाहणाऱ्याला डोळ्यांवर ताण द्यावा लागतो, आणि तो ताण हाच चित्राचा आशय आहे. पुढे मार्शल यांनी आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक आणि मार्स ब्लॅक या तीन काळ्यांत इतर रंग मिसळून त्वचेच्या अनेक छटा सिद्ध केल्या, पण काळे फिके केले नाही. या लेखात तांत्रिक शिस्त आणि आशय इतके एकजीव झालेले काम दुसरे नाही.

आफ्रिकन-अमेरिकन चित्रकार किहिंदे वायली यांच्या मोठ्या कॅनव्हासांत मागची वेलबुट्टी पुढे येऊन माणसाच्या अंगावर चढते. ‘नेपोलियन लीडिंग द आर्मी ओव्हर द आल्प्स’ (२००५) मध्ये फ्रेंच चित्रकार दाव्हिद यांच्या नेपोलियनच्या जागी एक कृष्णवर्णीय तरुण घोड्यावर आहे, अंगात लष्करी कॅमोफ्लाज आणि मागे लालसोनेरी किनखाब. रानात लपवणारे कापड राजवाड्याच्या पडद्यापुढे त्याला अधिकच ठळक करते, हा विरोध पहिल्यांदा पाहताना प्रभावी वाटतो. पुढे चित्रामागून चित्रात तीच रचना आली आणि मागचे कापड अदलाबदल करण्याजोगे झाले, तशी धार बोथट झाली. बराक ओबामा यांचे २०१८ चे व्यक्तिचित्र मात्र पुन्हा जमून आले. मागच्या हिरव्या पानांच्या भिंतीतून तीन फुले डोकावतात: शिकागोची शेवंती, हवाईची जाई आणि केनियाच्या वडिलांसाठी निळी आफ्रिकी लिली. काही पाने खुर्चीच्या पायांवर आणि बुटांवर चढली आहेत. कुठल्या मातीने हा माणूस घडला आणि कोणती त्याला ओढते, हे फुलांची नावे घेऊन सांगता येते.

चीनचे लिऊ बोलिन (जन्म १९७३) शिकले शिल्पकला, पण गाजले ते स्वतःच्या अंगावरच्या रंगकामाने. नोव्हेंबर २००५ मध्ये बीजिंगमधले सुओजिया हे कलाकारांचे गाव पाडले गेले. लिऊ यांनी त्या ढिगाऱ्यासमोर उभे राहून मदतनिसांकडून डोक्यापासून पायापर्यंत मागचे विटा-सिमेंट अंगावर रंगवून घेतले आणि छायाचित्र काढले. ‘हायडिंग इन द सिटी’ ही मालिका तिथून सुरू झाली. एका चित्रात कामावरून काढलेले कामगार कारखान्याच्या भिंतीत मिसळून उभे आहेत. तासन्‌तास निश्चल उभे राहावे लागते. हे सोसणे छायाचित्रात दिसत नाही, तरी जाणवते. पडक्या विटांसमोरचा माणूस आणि त्याच विटांनी रंगवलेले त्याचे अंग यांत घर, सत्ता आणि बेदखली हे सगळे येते. नंतर लिऊ यांनी जगभरची प्रेक्षणीय स्थळे, बाटल्यांनी भरलेले सुपरमार्केटचे फडताळ, अगदी महागड्या जॅकेटांच्या जाहिरातीही पार्श्वभूमीला घेतल्या. फडताळासमोरचे चित्र अजून बोचते, कारण त्यात आपण रोज उभे असतो. स्थळांसमोरची चित्रे कसबाचे प्रात्यक्षिक होऊन राहतात. मायावरण करणाऱ्याचे त्या जागेशी काही देणेघेणे असावे लागते.

स्त्रियांनी हे तंत्र घराच्या भिंतीकडे वळवले. अमेरिकेत विद्यार्थीदशेतच फ्रान्चेस्का वुडमन यांनी १९७० च्या दशकात ओस पडलेल्या घरांत फाटलेला वॉलपेपर अंगाशी धरून स्वतःची छायाचित्रे काढली. शरीर भिंत होऊ पाहते आणि भिंत शरीर गिळते. लिमात जन्मलेल्या आणि फिलाडेल्फियात राहणाऱ्या सेसिलिया पारेदेस भरगच्च फुलांच्या कापडासमोर उभ्या राहतात आणि त्याच फुलांनी त्यांचे अंग रंगवले जाते. स्थलांतर हा त्यांचा उघड विषय. कापडाची घडी आणि अंगाचा वळसा जिथे जुळत नाहीत, एखादे फूल मानेपाशी तुटते, तिथे नजर अडकते. नव्या देशात बहुतेक सगळे जमते आणि थोडेसे जमत नाही, त्या थोड्याची ही जागा. ज्या छायाचित्रांत सगळेच बिनचूक जुळून आले आहे ती सुंदर आहेत, पण त्यांत कोणी राहत नाही.

मोरोक्कोच्या लल्ला एस्सायदी यांचे काम याहून कडक आहे. ‘कन्व्हर्जिंग टेरिटरीज’ (२००३–०४) या मालिकेत स्त्रियांचे चेहरे, हात, पाय, अंगावरचे शुभ्र कापड आणि मागची भिंत, सर्व काही मेंदीने लिहिलेल्या बारीक अरबी अक्षरांनी व्यापले आहे. सुलेखन ही परंपरेने पुरुषांची मिरास आणि मेंदी बायकांची. दोन्ही एकाच हातात आली. छायाचित्रे काढली ती कुटुंबाच्या अशा घरात, जिथे मर्यादा ओलांडणाऱ्या मुलींना एके काळी एकांताची शिक्षा म्हणून पाठवले जाई. अक्षरे मुद्दाम पुरती वाचता येऊ नयेत अशी आहेत. पाश्चात्त्य प्रेक्षक त्याकडे पौर्वात्य नक्षी म्हणून पाहील, हा आक्षेप घेतला जातो आणि तो डावलता येत नाही. पण ज्या भिंतींनी गप्प केले त्याच भिंतींवर बाई लिहिते आणि त्या लिखाणातच स्वतः मिसळते, तेव्हा ‘लपणे’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

भारतीय कलेत हा धागा विरळ आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांच्या २००४ च्या एका व्हिडिओ कृतीत कॅमोफ्लाजचे फॅशनेबल कपडे घातलेल्या आकृती एका ओळीत उभ्या असतात आणि कवायतीसारख्या हालचाली एकमेकींच्या पाठोपाठ करतात. संगणकाचा माउस प्रेक्षकाच्या हाती. दहशतवादविरोधी युद्धाच्या काळात लष्करी नक्षी दुकानातल्या टी-शर्टवर कशी उतरली, ते या कृतीने वेळेवर टिपले. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय सैन्याने चौकोनी ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, नवी नक्षी स्वीकारली. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या (‘निफ्ट’) मदतीने तिची रचना झाली. वाळवंट, हिमप्रदेश, दमट रान असे सगळे भूभाग असलेल्या देशाने एकच नक्षी कशी बेतावी, हा प्रश्न कलेचाही आहे. अमेरिकन सैन्याने २००४ मध्ये सर्व भूभागांसाठी म्हणून ‘युनिव्हर्सल’ नक्षी काढली होती. ती कुठेच नीट मिसळेना, आणि २०१५ पासून तिच्या जागी दुसरी आणावी लागली. भूभाग, भाषा, जात, गाव यांच्या इतक्या सीमा रोज ओलांडणाऱ्या आपल्या समाजात या विषयावर चित्रकारांनी इतके कमी काम करावे, याची रुखरुख वाटते.

अलीकडे पाहणारा डोळाच बदलला आहे. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये असलेले कलाकार ॲडम हार्वी यांनी २०१० मध्ये ‘सीव्ही डॅझल’ या नावाने चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला चकवणारी केशरचना आणि रंगभूषा मांडली. नाव विल्किन्सन यांच्या जहाजांवरून घेतलेले. त्या वेळची प्रचलित पद्धत पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी २००१ मध्ये विकसित केली होती. ती चेहऱ्यात उजेड आणि काळोखाचे ठरावीक साचे शोधते: डोळ्यांचा पट्टा गडद, खालचे गाल उजळ, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा फिकट. हार्वी यांनी केसांची बट नाकाच्या दांड्यावर आणली, गालांवर काळे-पांढरे चौकोन ठेवले, म्हणजे जिथे यंत्राला उजेड अपेक्षित तिथे काळोख ठेवला. रताळ्यांवर थेअर यांनी केलेला प्रयोग हाच होता. असे रंगवलेला माणूस रस्त्यावर सर्वांच्या नजरेत भरतो आणि फक्त यंत्राला दिसत नाही. पुढच्या दशकात कृत्रिम मज्जाजालांवर (न्यूरल नेटवर्कवर) आधारलेल्या पद्धती आल्या. लाखो चेहऱ्यांवर शिकलेल्या त्या यंत्रांना दोन-चार चौकोनांनी फसवता येत नाही, आणि २०१० च्या त्या रचना आता छायाचित्रांतच पाहायला मिळतात.